घोंगडीच्या किमतीत कातणारीचा वाटा



निवडणुका जवळ आल्या की महाराष्ट्रात ‘घोंगडी बैठकां’ना ऊत येतो. गावच्या पारावर किंवा देवळाच्या ओवरीत घोंगडी अंथरायची, तिच्यावर पुढाऱ्याने आणि गावकऱ्याने मांडीला मांडी लावून बसायचे आणि लाऊडस्पीकरवाचून बोलायचे, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. शब्द टिकला, घोंगडी मात्र त्या बैठकीतून केव्हाच उठून गेली. आता तेथे मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, फार तर एखादी सतरंजी. आणि त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या दुकानांत हीच घोंगडी गालिचा, उशीचे अभ्रे, भिंतीवरचे पट असे रूप घेऊन आणि ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणस्नेही’ अशी विशेषणे लावून अवतरली आहे. माळावरच्या घरातून ती गेली का आणि दिवाणखान्यात ती येत आहे तर कोणाच्या जिवावर, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणे हा या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम वस्तूचा विचार करू या. दख्खनच्या पठारावर सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत, माण, खटाव, फलटण, तिकडे संगमनेरचा पट्टा, आणि सीमा ओलांडून कर्नाटक व तेलंगण, एवढ्या मुलखात जी काळी-करडी मेंढी चरते तिला दख्खनी मेंढी म्हणतात. तिची लोकर थोडी आणि जाडीभरडी. वर्षातून दोन वेळा कातरणी होते आणि दोन्ही वेळची मिळून एका मेंढीपासून जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर हाती लागते. मेरिनो मेंढीच्या तंतूपेक्षा हा तंतू जवळजवळ दुप्पट जाड असतो. त्यातील पुष्कळशा तंतूंचा गाभा पोकळ असतो. मानेभोवती गुंडाळायच्या मफलरीला तो टोचेल हे खरे. पण जमिनीवर अंथरायच्या, पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या, ओढूनताणून वापरायच्या वस्त्राला हाच राठपणा हवा असतो. मऊ लोकरीचा गालिचा थोड्याच काळात चपटतो. राठ लोकरीची घोंगडी वापराने मुरत जाते.

या लोकरीत मेणचटपणा मेरिनोच्या मानाने फारच कमी असल्यामुळे ती स्वच्छ करायला मोठमोठे हौद आणि रसायने लागत नाहीत. कातरणीपूर्वी मेंढरे ओढ्यात धुतली की पुष्कळसे काम भागते. रंग निसर्गाने दिलेलाच असतो. काळी, करडी, तपकिरी, पांढरी लोकर वेगळी निवडायची आणि त्यांतूनच काठ व पट्टे काढायचे. मग पिंजणे, पेळू करणे, चरख्यावर कातणे, ताणा लावणे. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोपडतात, ते वाळवतात आणि मगच ते खड्डामागावर चढते. नवी घोंगडी ताठ आणि खरखरीत लागते ती या खळीमुळे. पुढे धुण्यात खळ निघून जाते, लोकरीच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकत जातात आणि वीण घट्ट होते. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी मऊ, म्हणून तिला मान मोठा आणि किंमतही.

लोकरीचा आणखी एक गुण असा की, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल ती शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. म्हणून तर भर पावसात घोंगता करून मेंढपाळ दिवसभर उभा राहू शके. पण एकदा ती पुरती भिजली की पेलवत नाही आणि वाळता वाळत नाही. मराठीत रखडलेल्या प्रकरणाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात ते या अनुभवावरून. ठिणगी पडली तर लोकर भडकत नाही, काळवंडून विझते. फाटून मातीत गेली तर ती कुजते आणि नत्ररूपाने शेताला परत मिळते. आज ‘टिकाऊ उत्पादना’च्या व्याख्या करायला परिषदा भरतात. या पठारावरील निरक्षर ठरवल्या गेलेल्या माणसांनी त्या व्याख्येत बसणारी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या विणली आणि तिच्यावर आपल्या मुलांना निजवले.

रचना, ज्याला आता ‘डिझाइन’ म्हणतात, ती या वस्तूत काठावरच्या नक्षीत नव्हती. तंतू कोणत्या कामाला योग्य, सूत किती पिळाचे हवे, वीण किती दाट हवी, पाऊस अंगावर यायचा की जमिनीचा गारठा अडवायचा, याचे जे उत्तर त्या विणकराने दिले तीच रचना. हे स्पष्ट करण्याचे कारण असे की, रचनाकार शहरातून येतो आणि कारागीर फक्त हात चालवतो अशी एक समजूत सरकारी परिपत्रकांपासून प्रदर्शनांच्या उद्घाटनांपर्यंत सर्वत्र रुजलेली आहे.

आता आकडे पाहा. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे साडेसहा कोटी मेंढ्या होत्या. २०१९ च्या गणनेत त्या ७ कोटी ४२ लाखांच्या वर गेल्या, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढल्या. देशातील लोकरीचे उत्पादन मात्र २०१४-१५ साली ४ कोटी ८१ लाख किलो होते, ते २०२२-२३ साली ३ कोटी ३६ लाख किलोंवर आले. आठ वर्षांत सुमारे तीस टक्के घट. मेंढ्या वाढतात आणि लोकर घटते, हे कोडे वाटेल. पण माळावरच्या कोणत्याही मेंढपाळाला त्याचे उत्तर ठाऊक आहे. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. जत तालुक्यातील माडग्याळ जातीची मेंढी अंगाने थोराड, कोकरू लवकर वाढते, बाजारात भाव चांगला आणि अंगावर लोकर नावापुरती. दख्खनी कळपांत तिचे रक्त मिसळत चालले आहे. ज्यांच्याकडे अजून लोकरीच्या मेंढ्या आहेत त्यांच्याही लोकरीला कातरणीच्या मजुरीइतका भाव येत नाही. मेंढीला उन्हाळा सोसवत नाही म्हणून ती कातरायची आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून द्यायची, असे आज घडते. घाम गाळून काढलेला कच्चा माल उकिरड्यावर जातो, आणि त्याच राज्यातील घराघरांत खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याची ब्लँकेटे येतात.

यात मेंढपाळाचा दोष नाही. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. संसार चालवणारा माणूस दुसरे काय करणार? दोष शोधायचा तर तो धोरणात शोधला पाहिजे, आणि त्याची मुळे बरीच जुनी आहेत.

स्वातंत्र्यानंतर लोकरीचा विचार झाला तो गिरणीच्या नजरेने. गिरणीला सूट, स्वेटर आणि शाल यांसाठी बारीक, पांढरी, रंग घेणारी लोकर हवी होती. त्या मापाने मोजले तर दख्खनी लोकर नापासच होणार! काळी असल्याने ती रंग घेत नाही, जाड असल्याने ती अंगावर टोचते, थोडी असल्याने गिरणीला परवडत नाही. मग ‘सुधारणा’ म्हणून मेरिनो आणि रांबुये जातींच्या नरांशी संकर करण्याचे प्रयोग सरकारी क्षेत्रांवर झाले. ती संकरित जात मेंढपाळांच्या कळपांत रुजली नाही. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात आणि वळवाच्या आधी परत देशावर, अशी शेकडो किलोमीटरची पायपीट ज्या मेंढीला करायची आहे तिच्या अंगी आधी चिवटपणा लागतो, बारीक लोकर नव्हे. जमिनीवर अंथरायच्या कापडासाठी ही लोकर उत्तम आहे, तेव्हा त्या कापडाचा बाजार उभा करावा, हा साधा विचार मात्र त्या काळात कोणत्याही योजनेच्या केंद्रस्थानी आला नाही. गुण हा दोष म्हणून नोंदवला गेला आणि कागदोपत्री तो अद्याप दोषच राहिला आहे.

दरम्यान परदेशी लोकरीचा दरवाजा रुंद होत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये अंमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाशी झालेल्या व्यापार करारान्वये तेथून येणाऱ्या लोकरीवरचे आयातशुल्क काढून टाकण्यात आले. मेरिनो आणि दख्खनी या दोन लोकरींची थेट स्पर्धा नाही, असे अर्थशास्त्री सांगतील, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण लोकर म्हणजे आयात केलेली बारीक लोकर, असे एकदा उद्योगाचे मन बनले की देशी लोकरीच्या संशोधनावर, सूतगिरणीवर आणि बाजारावर पैसा घालायला कोण पुढे येणार?

घोंगडीचा खरा पराभव मात्र मेरिनोने केला नाही. तो झाला पानिपतावर. मराठी माणसाला या गावाचे नाव एका वेगळ्याच पराभवासाठी ठाऊक आहे, पण हा दुसराही विसरण्यासारखा नाही. हरियाणातील या शहरात पाश्चात्त्य देशांतील टाकाऊ लोकरी कपड्यांच्या चिंध्या जहाजे भरून येत. त्या फाडून, पिंजून, पुन्हा कातून ‘शॉडी’ नावाचे सूत आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे तयार होत. पुढे ॲक्रिलिक आणि पॉलिस्टर आले, तुळतुळीत ‘मिंक’ ब्लँकेटे आली. ती घोंगडीच्या किमतीच्या अंशाने मिळतात, हलकी असतात, दोन दिवसांत वाळतात आणि त्यांच्यावर गुलाबाची फुले छापलेली असतात. गरिबाने ती घेतली यात नवल ते काय? पावसासाठी त्याने आधीच घोंगडी सोडून प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतला होता. ज्याच्या खिशात दिवसाची मजुरी आहे त्याला पर्यावरणाचे व्याख्यान देऊन महाग वस्तू घ्यायला सांगणे हा निव्वळ दांभिकपणा होय.

आता तर जत्रांतून घोंगडी म्हणून जे विकले जाते त्यातही पुष्कळदा लोकर नसते. काळा रंगवलेला कृत्रिम धागा यंत्रमागावर विणायचा, काठाला पट्टे काढायचे आणि देवाच्या दारात श्रद्धेच्या भावाने विकायचा. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक धागा काढून त्याला काडी लावावी. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत आपोआप मंदावते आणि मागे बोटांनी चुरगळता येणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. ग्राहक संघटनांनी हा प्रयोग यात्रेच्या रस्त्यावर उघड करून दाखवायला हरकत नाही.

येथपर्यंतचे विवेचन थोड्याफार फरकाने कोणताही हस्तकलाप्रेमी करील. समाजवाद्याने त्यापुढे जाऊन विचारायचा प्रश्न वेगळा आहे. घोंगडी एके काळी स्वस्त होती ती कशामुळे?

एका घोंगडीला दोन-तीन किलो सूत लागते. म्हणजे सात-आठ मेंढ्यांची एका हंगामाची लोकर. कसलेला विणकर ती काही दिवसांत विणून उतरवतो. पण तेवढे सूत कातायला जो वेळ लागतो तो विणण्याच्या वेळेच्या कितीतरी पट असतो. ते काम बव्हंशी बायकांचे. वाड्यावर, उन्हात, स्वयंपाक, पाणी, लेकरे आणि कोकरे सांभाळून उरलेल्या वेळात, म्हातारपणी तर दिवसभर, त्या कातत बसत. या वेळेचा हिशोब कोणी मांडला नाही. ‘रिकाम्या वेळचा उद्योग’ असे त्याला नाव दिले की मजुरीचा प्रश्नच उरत नाही. बाजारात घोंगडीची किंमत ठरताना लोकरीचा भाव धरला जाई, विणकराची मजुरी थोडीफार धरली जाई, व्यापाऱ्याचा नफा तर धरला जाईच. कातणारीचे श्रम घरातल्या हवेसारखे फुकट मानले जात. घोंगडीचा स्वस्तपणा हा तिच्या पदरचा होता.

आता त्या बायकांच्या मुली-सुना शिकू लागल्या, रोजगाराला जाऊ लागल्या. शेतातल्या खुरपणीलाही रोख मजुरी मिळते. कातणीला त्याच्या जवळपासही पैसे मिळत नाहीत. तेव्हा त्यांनी चरखा माळ्यावर टाकला. त्यांनी योग्यच केले. परंपरा लोपत चालली म्हणून हळहळणाऱ्यांनी, त्या परंपरेचा पगार कोण देत होते, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे. माग आहेत, अजून काही विणकरही आहेत, लोकर तर उकिरड्यावर आहे. अडले आहे ते सुतापाशी.

शहरी दुकानांतील नव्या गालिच्यांनी तरी हे गणित बदलले काय? काही ठिकाणी थोडे बदलले, हे मान्य केले पाहिजे. दख्खनी लोकरीसाठी मनापासून झटणारे, मेंढपाळांत राहून काम करणारे कार्यकर्ते आहेत आणि त्यांच्यामुळेच या लोकरीचे नाव पुन्हा कानावर येऊ लागले. पण सर्वसाधारण रीत अशी : रचनेचे शिक्षण घेतलेले तरुण येतात, पंधरा दिवसांची कार्यशाळा होते, नमुने तयार होतात, छायाचित्रे निघतात. नमुना ज्याच्या नावाने खपतो ते नाव शहरातले असते. विणकर मागणीबरहुकूम मजुरीवर विणतो. मागणी थांबली की माग थांबतो. वस्तूच्या चिठ्ठीवर मेंढीचे चित्र असते, विणकराचा हसरा चेहराही असतो, पण किमतीतील किती रुपये कातणारीला गेले हे छापलेले असत नाही. स्वस्त घोंगडीत तिचे श्रम मोजले जात नव्हते. महाग गालिच्यातही मोजले जात नसतील तर मधल्या काळात बदलले काय? केवळ ग्राहकाचा पत्ता.

या ठिकाणी जातीचा प्रश्न टाळून चालणार नाही. मेंढरे राखायची धनगरांनी, विणायचे सनगरांनी किंवा खुटेकरांनी, आणि विकायचे तिसऱ्यानेच, ही ती जुनी वाटणी. ग्रामोद्योगाचा गौरव करताना पुष्कळ भल्या माणसांच्या हातून नकळत या वाटणीचाही गौरव होत आला आहे. ‘पिढीजात कौशल्य’ हा शब्द ऐकायला गोड असला तरी त्याचा अर्थ, बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात, असाही होतो. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात कोणत्याही मुलाला, तू सनगराचा म्हणून खड्ड्यात पाय सोडून बस, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे कापड टिकायचे असेल तर ते जातीचे काम म्हणून नव्हे, तर शिकता येणारे, पुरेशी मजुरी देणारे आणि कोणालाही खुले असलेले काम म्हणून टिकले पाहिजे. तसे ते टिकत नसेल तर घोंगडी वस्तुसंग्रहालयात गेली तरी चालेल.

समाजवादी चळवळीला हा विषय परका नाही. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या १९३६ साली अध्यक्षा झालेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीच पुढे, १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा वाहिली. सहकार हा त्यांच्या कामाचा कणा होता. हातमाग मंडळ आणि ते हस्तकला मंडळ अशी दोन्ही मंडळे केंद्र सरकारने २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये, देश महामारीने घरात कोंडलेला असताना, बरखास्त केली. मंडळे बरीचशी निस्तेज झाली होती, हा युक्तिवाद खोटा नाही. पण कारागिरांचे म्हणणे दिल्लीत मांडायची जी एक जागा होती तीही गेली.

त्याच १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता. प्रचंड गिरणी नको आणि माणसाला पिळून काढणारा चरखाही पुरेसा नाही. गावात बसेल, थोड्या भांडवलात येईल आणि कष्ट हलके करील असे यंत्र हवे, ही ती भूमिका. लोकरीच्या प्रश्नावर तिच्याइतकी चपखल बसणारी दुसरी भूमिका दिसत नाही. आज अडचण अशी की, मोठ्या गिरणीची यंत्रे लांब, बारीक लोकरीसाठी बनलेली. त्यांत ही आखूड, राठ लोकर नीट चालत नाही. हाताने पिंजायचे व कातायचे तर मजुरी पडत नाही. मधले यंत्र, म्हणजे तालुक्याच्या गावी बसवता येईल असे पिंजणयंत्र आणि अनेक चात्यांचा, विजेवर चालणारा, राठ लोकरीला सोसेल असा चरखा, हे अभियांत्रिकीला अशक्य कोटीतले काम नव्हे. साखर कारखान्यांसाठी जो महाराष्ट्र एवढी यंत्रसामग्री उभी करू शकला, त्याला हे जमले नाही असे म्हणता येणार नाही. त्याने ते मनावर घेतले नाही, इतकेच.

यंत्राने कातले तर घोंगडीचे पावित्र्य जाईल, अशी शंका काहीजण काढतात. त्यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरच्या हॅरिस ट्वीडकडे पाहावे. त्या लोकरी कापडाला १९९३ साली ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा करून संरक्षण दिले. लोकर त्या बेटांवरच रंगवलेली व कातलेली असली पाहिजे आणि कापड बेटावरील विणकराने आपल्या घरी हाताने विणलेले असले पाहिजे, अशी त्या कायद्याची अट आहे. सूत तेथे गिरणीतच कातले जाते. घरी होते ती विणाई. कायद्याने यंत्राला बंदी केली नाही. काम बेटाबाहेर जाण्याला बंदी केली. अर्थात ते उदाहरणही निर्दोष नाही, कारण लोकर बव्हंशी बेटांबाहेरून येते आणि गिरण्यांची मालकी विणकरांकडे नाही. मालकीच्या बाबतीत जवळचे उदाहरण कुलूच्या खोऱ्यातले आहे. तेथील भुट्टी विणकर सहकारी संस्था १९४४ साली मूठभर सभासदांनी सुरू केली, मध्यंतरी ती मरणपंथाला लागली, १९५० नंतरच्या दशकात पुन्हा उभी राहिली आणि कुलू शालीचे नाव देशभर नेण्यात तिचा वाटा मोठा आहे. नमुना, माग आणि दुकान यांचे सूत्र विणकरांच्या संस्थेच्या हाती राहिले तर काय होते, याचा तो दाखला.

आपल्याकडे कायदे नाहीत असेही नाही. १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुताचे हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. म्हणजे खऱ्या घोंगडीइतकी अस्सल खादी दुसरी नाही. पण खादी भांडाराच्या शहरी शाखेत ती शोधून पाहावी! १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली जे अकरा प्रकारचे कापड केवळ हातमागासाठी राखून ठेवले आहे, त्यांत बराक ब्लँकेट, कांबळ आणि कांबळी यांचा समावेश आहे. जत्रेतली यंत्रमागावरची कांबळी त्या कायद्यापुढे कशी ठरते, हे तपासायला अंमलबजावणी यंत्रणेला सवड मिळालेली दिसत नाही. ‘बराक ब्लँकेट’ हे नावच सांगते की या कापडाचा एक मोठा गिऱ्हाईक सरकार होते. गिऱ्हाईक अजूनही आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे, रुग्णालये, तुरुंग, आपत्तीच्या वेळची मदत, या सर्वांसाठी ब्लँकेटे आणि अंथरूणे खरेदी होतात. पण निविदेत सर्वांत कमी दर हाच निकष राहिला तर कृत्रिम धाग्याखेरीज दुसरे काही टिकणे शक्य नाही. जळाऊपणा, आयुष्य, कुजण्याची क्षमता आणि स्थानिक मजुरीचा वाटा हे निकष निविदेत घालायला घटनादुरुस्ती लागत नाही.

लोकर मिळायची तर मेंढी हवी आणि मेंढी हवी तर कुरण हवे. राज्य सरकारची मेंढीपालनाची जी महामेष योजना आहे तिच्यात वीस मेंढ्या आणि एक नर असा गट देण्याची तरतूद आहे. मेंढ्या दिल्या, चारायच्या कोठे? पठारावरचे माळरान सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदले जाते. मग त्यावर वनीकरणाचे खड्डे पडतात, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प उभे राहतात, कालव्याचे पाणी आले की ऊस येतो. मेंढरे शेतात बसवून खत घेण्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, हा शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातला जुना करार रासायनिक खताच्या गोणीने आणि बारमाही पिकांनी क्षीण केला. वनरक्षकाचा दंड आणि गावगुंडाची मारहाण हे वाड्यावरच्या माणसाचे नित्याचे अनुभव आहेत. धनगर समाजाला आरक्षणाच्या आश्वासनांवर झुलवत ठेवणाऱ्या सर्व पक्षांनी चराईच्या हक्कावर किती सभा घेतल्या, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. त्याही सभांना बहुधा ‘घोंगडी बैठका’ असेच नाव दिलेले असेल.

आरंभ करायचा तर तो फार मोठा असण्याचे कारण नाही. एका तालुक्यात मेंढपाळ, कातणाऱ्या बायका आणि विणकर या तिघांची मिळून एकच सहकारी संस्था असावी. तिघांच्या तीन वेगळ्या संस्था केल्या तर मधला व्यापारी त्यांना आपसांत लढवील. तसे पूर्वी झाले आहे. लोकर कातरणीच्या जागीच रंगाप्रमाणे निवडून, वजन करून, रोखीने घ्यावी. कातणीचा दर खुरपणीच्या रोजापेक्षा कमी नसावा, आणि त्या दरावरून वस्तूची किंमत ठरावी. किंमत आधी ठरवून उरेल ते कातणारीला, असे नको. त्या हिशोबाने जी घोंगडी महाग पडेल ती महागच विकावी, आणि गरिबाच्या अंथरुणासाठी लागणारी सरकारने खरेदी करावी. रचनाकार हवेतच, नव्या घराला, फरशीला, खुर्चीला काय लागते हे विणकराला सांगणारा जाणता माणूस उपयोगी असतो. पण तो संस्थेचा नोकर किंवा सभासद असावा, आणि नमुना संस्थेच्या नावे नोंदवला जावा. कारभारी मंडळात कातणाऱ्या बायकांच्या जागा निम्म्याहून कमी असू नयेत. कारण हिशोबाच्या वहीत मजुरीचा रकाना कोठे गाळला जातो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

दिवाळी झाली की वाडे कोकणच्या वाटेला लागतील. त्याआधी कातरणी होईल आणि लोकरीच्या गोण्या बांधावर पडतील. सांगोला, आटपाडी, माण या तालुक्यांतील पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या हंगामात निदान एवढे करावे : आपल्या भागात किती लोकर कातरली गेली, कोणत्या भावाने गेली, किती फेकली गेली आणि चरखा चालवू शकणाऱ्या किती बायका हयात आहेत, याची गाववार यादी तयार करावी. त्याच तालुक्यातील शासकीय वसतिगृहांनी आणि आश्रमशाळांनी गेल्या वर्षी किती ब्लँकेटे, कोणाकडून, कोणत्या दराने घेतली, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेत प्रश्न विचारता येईल.